व्हिसा मालकांचा, जीव टांगणीला माझा

सनाबिसमध्ये मोठ्या मॉलच्या मागच्या अंगाला जुन्या घरांची एक गल्ली आहे. तिथे निळ्या दरवाजासमोर भिंतीला लागून एक पांढरी मोटारगाडी उभी दिसली, तर मित्रांनो, ती मीच. पांढरी म्हणायचे ते केवळ सवयीने. बहरीनच्या उन्हाने माझ्या छपराचा रंग पोपडे धरून उडाला आहे, खाऱ्या हवेने दारांच्या कडा खाल्ल्या आहेत आणि डॅशबोर्डला मधोमध लांब भेग पडली आहे. माझे वय वीस वर्षे. माणसांमध्ये हे तरुणपण असते, गाड्यांमध्ये मात्र म्हातारपण.

जपानमधल्या एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. ज्या कामगाराने मला पहिल्यांदा सुरू करून पाहिले, त्याने माझ्या बॉनेटवर दोन थापा मारल्या. तेवढेच माझे बारसे. मग शेकडो बहिणींबरोबर जहाजाच्या पोटात बसून मी इथे आले. उतरले तेव्हा ऑगस्ट महिना होता. धक्क्यावरच्या त्या उन्हात माझ्या काचाही रडतील की काय, असे मला वाटले होते.

मला विकत घेतले शरच्चंद्र मोघे यांनी. ते मूळचे वाईचे. बहरीनमधल्या एका बांधकाम कंपनीत ते पगार-विभाग सांभाळत. कामगारांना बँकेसाठी, घरभाड्यासाठी, गावाकडच्या कर्जासाठी पगाराचा दाखला लागे. तो दाखला लिहून त्यावर सही-शिक्का करायचे काम मालकांचे. 'अमुक इसम आमच्याकडे नोकरीस असून त्याला दरमहा इतका पगार मिळतो,' अशी हजारो पत्रे त्यांच्या हातून गेली.

पण मला खऱ्या अर्थाने चालवले ते मालकीणबाईंनी, उल्काबाईंनी. त्या माझ्यावरच गाडी शिकल्या. मनालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, त्या शाळेत सोडायच्या. शुक्रवारी सगळे झल्लाकच्या समुद्रावर जायचे. परतताना मागच्या सीटवर ओले टॉवेल, वाळू आणि झोपलेली मनाली. उल्काबाई गाडी चालवताना गुणगुणायच्या आणि मालक शेजारी बसून म्हणायचे, "स्पीड बघ, स्पीड." ते माझे कौतुकाचे दिवस होते. दर आठवड्याला मला साबणाने आंघोळ मिळत असे.

मग एका सकाळी उल्काबाईंनी मला डाव्या बाजूने एका खांबावर घातले. दार चेपले. मालक चिडले. "एवढा मोठा खांब दिसला नाही तुला?"

"खरंच नाही दिसला हो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

महिनाभरात दुसरा खांब, मग फुटपाथची कड. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, काचबिंदू आहे, आणि फार उशीर झाला आहे. कडेची नजर आधी गेली, मग मधली. पाच वर्षांत सगळा अंधार झाला.

वर्षभर उल्काबाई घराबाहेर पडल्या नाहीत. शेजारी अकीला नावाच्या बहरिनी बाई राहतात. त्यांना तोडकीमोडकी हिंदी येते. मालकीणबाईंना त्या 'उम्म मनाली' म्हणतात, म्हणजे मनालीची आई. एके दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उम्म मनाली, रोटी कौन लाएगा? यल्ला, चलो!" त्यांनी हाताला धरून उल्काबाईंना कोपऱ्यावरच्या खुबूसच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, भट्टीवर नेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दोन महिन्यांनी अकीलाबाई फक्त मागून चालू लागल्या, आणि नंतर दारातूनच बघू लागल्या.

त्या वाटेवरची पहिली खूण मी होते. दारातून नऊ पावले चालले की काठी माझ्या चाकाला लागायची. उल्काबाई बॉनेटवर हात ठेवायच्या आणि डावीकडे वळायच्या. पुढे एसीच्या पाण्याची ठिबक, मग शिंप्याच्या मशीनचा आवाज, मग भट्टीची ऊब. एकदा मालकांनी मला पलीकडे उभे केले, तर त्या गल्लीच्या मधोमध थबकून उभ्या राहिल्या. तेव्हापासून माझी जागा ठरून गेली. तिथे दुसरी गाडी लागली की अकीलाबाई बाहेर येऊन ड्रायव्हरला अशा काही झापतात की तो पुन्हा फिरकत नाही.

मालक कंपनीच्या बसने कामाला जाऊ लागले, त्यामुळे मी आठवड्यातून एखाद्या वेळीच हलायची. अंगावर धूळ साचली. डॅशबोर्ड तडकला. मनाली लग्न होऊन पुण्याला गेली. मी उपेक्षित होते, असे म्हणता येईल. पण रोज सकाळी एक हात माझ्या बॉनेटवर विसावायचा, आणि त्यामुळे मला तसे कधी वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वी हे दोघे महिनाभर मनालीकडे राहून आले. विमानतळावरून घरी येताना उल्काबाईंनी काच खाली घेतली. मग म्हणाल्या, "लेक फार करते हो माझं. जावईही चांगले. पण तिथे मी सामानासारखी होते. ज्यानं जिथे ठेवलं, तिथे."

मालकांनी माझा गिअर नेहमीपेक्षा हळू बदलला.

यंदाच्या मार्चमध्ये मालक निवृत्त झाले. त्या दिवशी हार, पेढे आणि घड्याळ घेऊन ते माझ्यात येऊन बसले आणि किल्ली न फिरवताच बसून राहिले. परदेशात नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो, मित्रांनो. त्यांचा व्हिसा एकोणीस जुलैपर्यंत होता. त्यानंतर बत्तीस वर्षांचे घर आवरून निघायचे.

आणि मी? शहजाद नावाच्या गॅरेजवाल्याने मला फिरून पाहिले, चाकांवर लाथा मारल्या आणि म्हणाला, "साहेब, चालवायला कोणी घेणार नाही. पार्टसाठी नेतो." सतरा जुलै ही तारीख ठरली. त्याने थोडा इसारही दिला. माझे दिवे, माझी दारे, माझे इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत जाणार होते. व्हिसा मालकांचा होता, पण जीव माझाही टांगणीला लागला होता.

मग कुणीतरी मालकांना सांगितले की इथे बरीच वर्षे नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही स्वतःच्या नावावर राहता येते. अट एकच अवघड होती: दरमहा ठरावीक उत्पन्न नियमितपणे येते, हे कागदोपत्री दाखवायचे. मालकांना आनंद झाला. भारतातल्या एका योजनेची पेन्शन होती, पुण्यात धायरीच्या फ्लॅटचे भाडे होते आणि ठेवींचे व्याज होते. तिन्ही मिळून अट पूर्ण होत होती. एक जरी गळले, तरी नाही. फाइल घेऊन आम्ही दोघे त्या कार्यालयात गेलो. मी पार्किंगमध्ये थांबले.

ते परत आले ते हसत होते की रडत होते, मला कळेना. घरी पोहोचताच उल्काबाई दारातून येऊन माझ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

"खिडकीवर एक तरुण बाई होती. फार नम्र. सगळे कागद पाहिले आणि विचारलं, 'सर, हे तिघे कोण?'"

"कोण तिघे?"

"मीच! पासपोर्टवर माझं स्पेलिंग वाचलं तर होतं शार्चचंद्र. पेन्शनच्या पत्रावर शरतचंद्र. बँकेत शरदचंद्र. ती म्हणाली, 'तिघांचं मिळून उत्पन्न पुरेसं आहे सर, पण व्हिसा एकालाच हवाय ना?'"

उल्काबाई खळखळून हसल्या. मालकही हसले. मग त्यांचा आवाज खाली गेला. "उल्का, भाड्याचं तर त्याहून वाईट. फ्लॅट माझ्या नावावर, पण भाडं मनालीच्या खात्यात जातं. सोय म्हणून आपणच तसं केलं होतं. मोजता येणार नाही म्हणाली. सलग तीन महिने माझ्या खात्यात आलेलं दाखवा म्हणाली." त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले. "हजारो लोकांना दाखले दिले गं मी. मला आता कोण देणार?"

वेळ होता. मे, जून, जुलै असे तीन महिन्यांचे भाडे खात्यात आले असते. फक्त मनालीने भाडेकरूला सांगायचे, नवा करार करून पाठवायचा आणि वडिलांतर्फे पेन्शन कार्यालयात नावाच्या दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, एवढेच होते. मालक तिला माझ्यात बसून फोन लावायचे, कारण काम लांबत चालले आहे, हे घरात उल्काबाईंना कळू द्यायचे नव्हते.

"बाबा, करते ना. या आठवड्यात जरा काम आहे."

पुढच्या आठवड्यात भाडेकरू गावाला गेला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात मनालीला बरे नव्हते. एप्रिल अर्धा संपला. चौथ्या फोनला मालक म्हणाले, "मनाली, खरं काय ते सांग."

"खरं सांगू? मला नाही करायचं ते. बाबा, तुम्ही पासष्टचे, आईला दिसत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर तिथे आईला कोण आहे? तुमचा व्हिसा झाला ना, तर मला रात्री झोप लागणार नाही."

मालकांनी फोन ठेवला. त्यांना राग आला नव्हता. मुलीचे चुकले, असे मलाही म्हणता येईना. ती प्रेमानेच अडवत होती, आणि प्रेमाने अडवणाऱ्याशी भांडता येत नाही.

चार दिवसांनी मनाली स्वतःच आली, सामान आवरायला मदत करते म्हणून. येताना रिकाम्या बॅगा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तिला हळूच उठवले आणि माझ्यात आणून बसवले.

"कुठे जायचंय बाबा?"

"कुठेच नाही. नुसती बस. बोलू नकोस."

निळा दरवाजा उघडला. उल्काबाई बाहेर आल्या. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. मनाली झटकन दार उघडायला निघाली, पण मालकांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. एक, दोन, तीन... नऊ. काठी माझ्या चाकाला लागली, हात बॉनेटवर आला. अकीलाबाईंच्या खिडकीतून आवाज आला, "सबाह अल खैर, उम्म मनाली! मेरा भी चार!" "लाती हूँ!" उल्काबाई म्हणाल्या. शिंप्याने मशीन थांबवून नमस्कार केला आणि मशीन पुन्हा सुरू केले, त्यांना आवाज मिळावा म्हणून. त्या ताठ मानेने, कोपऱ्यापर्यंत एकट्या गेल्या. दहा मिनिटांनी गरम खुबूस घेऊन तशाच परत आल्या.

मनालीने तोंडावर हात घट्ट धरला होता. पुण्यात तिने आईला खुर्चीतून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खुर्चीत एवढेच चालताना पाहिले होते.

उल्काबाई माझ्यापाशी थांबल्या. बॉनेटवर पुन्हा हात ठेवला, आणि माझ्या काचेच्या दिशेने म्हणाल्या, "मनाली, काच खाली घे. चहाबरोबर खाणार की भाजीबरोबर?"

मनाली दचकली. "आई! तुला कसं कळलं?"

"गाडीचं दार दोनदा वाजलं. तुझे बाबा एकटे असले की एकदा वाजतं." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणि तू रडायला लागलीस की लहानपणापासून नाक ओढतेस."

मनाली खाली उतरून आईच्या गळ्यात पडली. खुबूसची पिशवी दोघींमध्ये चेपली. त्याच दुपारी तिने भाडेकरूला फोन केला. पुण्याला परतताना रिकाम्या बॅगा तिने रिकाम्याच परत नेल्या. विमानतळाच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "बाबा, माझी एक अट आहे. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. एक दिवस चुकला तर मी पुढच्या विमानात." मालकांनी ती अट लगेच मान्य केली.

पुढचे दोन महिने आम्ही खूप फिरलो. वकिलातीत जाऊन मालकांनी प्रतिज्ञापत्र केले की शार्चचंद्र, शरतचंद्र आणि शरदचंद्र हा एकच इसम आहे आणि तो मीच आहे. बँकेने नाव दुरुस्त केले. मेचे भाडे आले, जूनचे आले, पाच जुलैला तिसरेही आले. पेन्शनचे दुरुस्त पत्र मात्र येईना. मनाली त्या कार्यालयात पाच वेळा जाऊन आली. शेवटी नऊ तारखेला पत्र निघाले, मनालीने ते लगेच मोबाइलवर पाठवले, आणि दहा तारखेला सकाळी अर्ज द्यायचा ठरले.

आणि नेमक्या त्या सकाळी, मित्रांनो, मी दगा दिला. मालकांनी किल्ली फिरवली आणि माझ्यातून नुसता 'कट' असा आवाज आला. जुलैच्या उन्हाने माझी बॅटरी मेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मालकांनी घाम पुसत विठ्ठलला फोन लावला. विठ्ठल म्हणजे कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, चिपळूणकडचा. तो वीस मिनिटांत जंपर केबल घेऊन हजर झाला.

"विठ्ठल, तुझी ड्युटी बुडेल रे."

"बुडू द्या. गावचं घर बांधलं ना मी, तवा दाखल्यावर सही कुनाची व्हती? सायेब, तुमी गप बसा नि किल्ली फिरवा."

त्याच्या गाडीतून माझ्यात जीव आला. वाटेत मी एकदाही बंद पडले नाही. श्वास रोखून धावणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

खिडकीवर तीच नम्र बाई होती. तिने सगळे कागद पुन्हा पाहिले, एका ओळीत मांडले आणि म्हणाली, "आता एकच गृहस्थ दिसताहेत सर. उत्तर मोबाइलवर येईल, इंशाल्ला." मालकांनी हे परतताना मला नाही, विठ्ठलला फोनवर सांगितले, पण मी ऐकले.

अकरा, बारा, तेरा. घरात खोकी आणून ठेवली होती, पण कोणी भरत नव्हते. चौदा, पंधरा. परवा शहजाद येणार होता.

सोळा तारखेला मालक उल्काबाईंना डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. आम्ही सिग्नलला उभे होतो, तेवढ्यात मालकांचा मोबाइल टुणकन वाजला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचले, परत वाचले. दिवा हिरवा झाला. ते हलले नाहीत.

उल्काबाईंनी हात पुढे करून त्यांच्या गालाला लावला. बोटे ओली झाली. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे पाणी आनंदाचं की दुःखाचं?"

"झालं, उल्का. दोघांचंही झालं."

उल्काबाईंनी पदराने त्यांचे गाल पुसले आणि त्या म्हणाल्या, "मग आता चला की! मागचे केव्हाचे हॉर्न देताहेत."

मालक हसले. मागच्यांच्या हॉर्नमध्ये माझाही हॉर्न त्यांनी उगाचच दोनदा वाजवला. इतक्या वर्षांत रागावल्याशिवाय तो वाजवण्याची ती पहिलीच वेळ.

सतरा तारखेला शहजाद ठरल्याप्रमाणे आला. मालकांनी त्याला घरात बसवून चहा दिला, खुबूस दिला आणि इसार परत केला. तो नाराज झाला नाही. जाताना माझे बॉनेट उघडून त्याने एक नळी घट्ट केली आणि म्हणाला, "पासिंगच्या आधी माझ्याकडे आणा साहेब. नवी बॅटरी टाकू, अजून चार वर्षं ओढेल." रात्री आठच्या कॉलवर ही बातमी मनालीला सांगितली गेली तेव्हा खिडकी उघडी होती. पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग हसण्याचा.

तेव्हापासून मी निवांत आहे. गेल्या शुक्रवारी आम्ही झल्लाकला जाऊन आलो. उल्काबाई पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या, मालकांनी त्यांच्या चपला हातात धरल्या होत्या.

मित्रांनो, मी एक साधी गाडी. मला फार शहाणपण नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना थोडे तेल, थोडे पाणी वेळेवर द्या, म्हणजे त्या ऐन वेळी दगा देणार नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांचे कागद एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. त्यांचे नाव सगळीकडे सारखे लिहिले आहे ना, त्यांच्या हक्काचे त्यांच्याच नावावर येते ना, ते तपासा. आणि ती माणसे थकली म्हणून त्यांना कुठे ठेवायचे हे ठरवण्याआधी, 'तुम्हाला कुठे राहायचं आहे?' एवढे त्यांना विचारा. विचारा, आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा. म्हाताऱ्या माणसांना बोलायला थोडा वेळ लागतो.